चुकणारा मीटर सारखा चुकत नाही

"आकडा पाच-दहा वॉटनं इकडेतिकडे असला तर असू दे. तुझी तुलना तुझ्याच कालच्या आकड्याशी आहे ना? मग मीटर अचूक नसला तरी चालेल, दरवेळी सारखाच चुकला म्हणजे झालं." ब्रिटनमध्ये पॉवर मीटर लावून सायकल चालवणाऱ्याला हा सल्ला नवा नाही. रविवारच्या क्लब राइडमध्ये कॅफेत थांबल्यावर तो मिळतो, सायकलच्या दुकानात मिळतो, पैसे घेऊन शिकवणारे प्रशिक्षकही तोच देतात. पुण्या-नाशिकचे सायकलस्वारही आता एकमेकांना हेच सांगू लागले आहेत. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. नव्या माणसानं आकड्यांच्या नादी लागून सायकल चालवण्यातला आनंद गमावू नये, एवढंच त्याला म्हणायचं असतं. पण हेतू चांगला असला म्हणून विधान खरं ठरत नाही. हे विधान चूक आहे, आणि ज्यांनी ते विश्वासानं स्वीकारलं त्यांनाच त्याचा भुर्दंड पडतो. म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करायला हवा.

आधी त्यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करू. एकच सायकल, एकच मीटर, आणि तो प्रत्येक परिस्थितीत नेमका तीन टक्के कमी दाखवतो असं समजा. अशा मीटरवर तुम्ही एफटीपीची चाचणी दिली, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी शक्ती काढली, तर ती तीन टक्के कमी येईल. त्यावरून आखलेले सरावाचे पट्टेही तीन टक्के खाली सरकतील आणि रोजचा आकडाही तेवढाच खाली असेल. सगळंच एका प्रमाणात सरकल्यामुळे सराव बिघडणार नाही. हा युक्तिवाद निर्दोष आहे. मात्र तो पूर्णपणे "समजा"वर उभा आहे. मीटर प्रत्येक परिस्थितीत तेवढाच चुकतो हे तुम्हाला कळलं कसं? सातत्य हाही मोजमापाबद्दलचाच एक दावा आहे. ज्यानं आपला मीटर कधी कशाशीही पडताळून पाहिला नाही, त्याला तो सारखा चुकतो असं म्हणण्याचा अधिकार तरी कुठून मिळाला?

मीटर चुकतो कसा, हे समजून घेतलं की या दाव्याचा पायाच निसटतो. कुठलाही पॉवर मीटर वॉट मोजत नाही. बहुतेक सगळे मीटर धातूचा वाक मोजतात. जर्मनीत उलरिख शोबेरर यांनी १९८६ मध्ये एसआरएमची सुरुवात केली, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. क्रँकवर, स्पायडरवर (क्रँकच्या ज्या भागाला चेनरिंग बोल्टनं लावतात त्यावर) किंवा पेडलच्या दांड्यात स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. पाय दाबला की धातू अत्यंत सूक्ष्म वाकतो, गेजचा विद्युत रोध बदलतो, आणि त्यावरून टॉर्क काढला जातो. मग त्या टॉर्कला फिरण्याच्या वेगानं गुणलं की वॉट मिळतात. म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यामागे तीन गोष्टी असतात: भार नसताना मीटर कुठे उभा आहे तो शून्यबिंदू, भार वाढताना आकडा किती चढतो ते प्रमाण, आणि केडन्स, म्हणजे मिनिटाला क्रँकचे किती फेरे होतात ते. तिन्हींतली चूक वेगळ्या तऱ्हेनं वागते. "सारखाच चुकतो" हे वर्णन यांपैकी फक्त दुसरीला, म्हणजे प्रमाणाच्या चुकीला लागू पडतं.

शून्यबिंदूची चूक घ्या. मीटरचा शून्य एका न्यूटन-मीटरनं वर सरकलाय असं धरू. ९० केडन्सला एका सेकंदात दीड फेरा होतो, त्यामुळे या एका न्यूटन-मीटरचे ९.४ वॉट होतात. तुम्ही १०० वॉटवर आरामात चालला असाल तर ही चूक नऊ टक्क्यांहून अधिक झाली. ३०० वॉटवर जोर लावत असाल तर तीन टक्के. चढावर ६० केडन्सला पाय फिरवत असाल तर तीच चूक ६.३ वॉटवर येते. एकच मीटर, एकच सकाळ, एकच शून्य, आणि चूक मात्र वेगाबरोबर आणि जोराबरोबर बदलत राहिली. सोपा दिवस अवघड दिसतो, अवघड दिवस जवळपास बरोबर दिसतो, आणि सरावाचे पट्टे एका प्रमाणात सरकण्याऐवजी वेडेवाकडे ताणले जातात. ज्या युक्तिवादाला आपण वर निर्दोष म्हटलं, तो इथे लागूच होत नाही.

शून्य सरकतो का? ब्रिटनमध्ये तर हटकून सरकतो. फेब्रुवारीतल्या सकाळी घरातली सायकल १८-१९ अंशांवर असते आणि बाहेर दोन अंश असतात. स्ट्रेन गेज, त्यांना धरून ठेवणारा गोंद आणि खालचं ॲल्युमिनियम तापमानाबरोबर निरनिराळ्या प्रमाणात आकुंचन पावतात. कंपन्या त्यासाठी तापमानाची भरपाई बसवतात. काही मीटरांत ती चांगली असते, काहींत कामचलाऊ. लोक दाराशी उभं राहून शून्य करतात आणि निघतात. पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत क्रँक थंड होतो आणि तो शून्य निरुपयोगी ठरतो. सायकल बाहेर काढून पंधरा मिनिटं थंड होऊ द्यावी, किंवा थोडं चालवून झाल्यावर थांबावं. मग क्रँक आपल्या मीटरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत ठेवून, पेडलवर पाय नसताना शून्य करावा. लांबच्या राइडमध्ये तापमान बदललं की पुन्हा करावा. लंडन-एडिनबरा-लंडन ही सुमारे दीड हजार किलोमीटरची राइड करायला महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. पुण्याच्या उन्हात केलेला शून्य स्कॉटलंडच्या पहाटेला काही सांगत नाही. प्रत्येक वेळी शून्य केल्यावर सायकल कॉम्प्युटर जो आकडा दाखवतो तोही टिपून ठेवावा. तो हळूहळू एकाच दिशेनं सरकत असेल किंवा अचानक उडी मारत असेल, तर वॉटचा आकडा बिघडण्याआधीच मीटर आजारी असल्याची खबर तिथे मिळते.

इथेच आणखी एक गैरसमज खोडून काढायला हवा. शून्य केला म्हणजे मीटर तपासून झाला, अशी अनेकांची समजूत आहे. शून्य केल्यानं फक्त शून्य सुधारतो. भार वाढताना आकडा योग्य प्रमाणात चढतो की नाही, याबद्दल ते बटण काहीही सांगत नाही. गोंदाचा एक कोपरा सुटलेला असेल, स्पायडरवरचे चेनरिंगचे बोल्ट ढिले झाले असतील, क्रँकची लांबी चुकीची भरली असेल, तरी शून्य सुरेख येऊ शकतो. पेडलमध्ये किंवा क्रँकच्या दांडीत बसणाऱ्या मीटरात १७२.५ मिलिमीटरच्या क्रँकसाठी १७० भरलं गेलं की आकडा दीड टक्क्यानं कमी येतो. सायकल कॉम्प्युटर बदलला, जुन्या सेटिंगनं नव्याला झाकलं, आणि त्यानंतर कुणी तिकडे पाहिलंच नाही, हे नेहमी घडतं.

आता एका पायाकडे वळू, कारण "सारखाच चुकतो" या समजुतीनं सर्वात जास्त नुकसान तिथे केलंय. स्वस्त मीटर बहुधा डाव्या क्रँकवर बसतो, डाव्या पायाची शक्ती मोजतो आणि दुप्पट करून दाखवतो. दोन्ही पाय नेमके निम्मेनिम्मे काम करत असतील तर उत्तर बरोबर येतं. तुमचा डावा पाय ४८ टक्के काम करत असेल, तर २५० वॉटला मीटर २४० दाखवेल. सल्लागार म्हणेल, दाखवू दे, दरवेळी २४०च दाखवेल. पण पायांमधली वाटणी स्थिर नसते. स्मॅक, नेपच्यून आणि हल यांच्या १९९९च्या अभ्यासात ती केडन्सबरोबर बदलताना दिसली, आणि कुणाची कशी बदलेल हे माणसागणिक वेगळं होतं. कार्पेस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रयोगशाळेत ४० किलोमीटरची टाइम ट्रायल करवून घेतली, तेव्हा दोन पायांतली तफावत प्रयत्नाच्या तीव्रतेबरोबर हलत होती.

रस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते पाहा. २५ मैलांच्या टाइम ट्रायलमध्ये पहिली वीस मिनिटं एखादी स्वार दोन्ही पायांनी सारखं काम करतेय. खरी शक्ती २५० वॉट आहे आणि मीटरही २५० दाखवतोय. पुढे थकव्यानं, किंवा जुन्या दुखापतीनं, डावा पाय ४८ टक्क्यांवर येतो. ती अजूनही २५० वॉटच देतेय, पण पडद्यावर २४० उमटतात. ती पाहते की आपण घसरतोय. दात-ओठ खाऊन आकडा पुन्हा २५०वर आणते, म्हणजे प्रत्यक्षात २६०च्या वर जाते, आणि शेवटच्या पाच मैलांत कोसळते. संध्याकाळी प्रशिक्षक फाइल बघून सांगतो, "तू शेवट सांभाळत नाहीस." तिनं सांभाळलं होतं. उलटही घडतं. सहा महिने उजव्या गुडघ्याचं दुखणं सोसणारा माणूस नकळत डाव्या पायावर भार टाकतो, मीटर त्याला प्रगती झाल्याचं सांगतो, आणि दुखणं आणखी काही महिने अंगावर काढलं जातं. मीटर "सारखाच" चुकत असता तर यातलं काहीच झालं नसतं.

मीटरचा आकडा कितपत खरा, या प्रश्नानं २०१५च्या तूर द फ्रान्समध्ये जगभर वाद पेटवला होता, आणि तो वाद एका ब्रिटिश संघाचा होता. १४ जुलैला दहाव्या टप्प्यात ला पिएर-सँ-मार्तँच्या चढावर त्या संघाच्या, म्हणजे टीम स्कायच्या, ख्रिस फ्रूमनं सगळ्यांना मागे टाकलं. काही दिवसांनी फ्रान्स २ या वाहिनीवर पिएर साले या शरीरक्रियातज्ज्ञानं हिशोब मांडला, की त्या चढावर फ्रूमची शक्ती दर किलोला ७.०४ वॉट होती. माणसाच्या मर्यादेपलीकडची, असा त्याचा रोख ऐकणाऱ्याच्या लक्षात येत होता. २१ जुलैच्या विश्रांतीच्या दिवशी टीम स्कायच्या टिम केरिसन यांनी पत्रकारांसमोर संघाचे आकडे ठेवले: सरासरी ४१४ वॉट, वजन ६७.५ किलो. साधा भागाकार केला तर ६.१३ येतात. पण केरिसन यांनी पुढे सांगितलं की फ्रूमच्या ऑसिमेट्रिक या लंबगोल चेनरिंगमुळे मीटर सुमारे सहा टक्के जास्त दाखवतो, म्हणून खरा आकडा ५.७८ धरावा. साले यांनी वजन ७१ किलो धरलं होतं, तोही फरक होताच. आणि टीम स्कायचा मीटर त्या काळात डाव्या क्रँकवरचा स्टेजेसचा होता, म्हणजे उजव्या पायाचं काम अंदाजानंच धरलेलं होतं.

उत्तेजकांच्या संशयातून फ्रूम निर्दोष होता की दोषी, याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. सहा टक्के हे स्पष्टीकरण भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं पूर्णपणे संभवनीय आहे. गोल चेनरिंगवर पाय एका फेऱ्यात जवळजवळ एकसारख्या वेगानं फिरतो. लंबगोल चेनरिंगवर जोराच्या टप्प्यात तो हळू फिरतो आणि जोर नसताना भरभर. मीटर मात्र पूर्ण फेऱ्याचा सरासरी टॉर्क घेऊन सरासरी वेगानं गुणतो. जोर जास्त तेव्हा वेग कमी, हे त्याला दिसतच नाही, म्हणून गुणाकार फुगतो. इटलीच्या फावेरोसारख्या कंपन्यांनी पुढे फेऱ्याच्या आत बदलणारा वेग मोजायला सुरुवात केली ती यासाठीच. पण त्या सहा टक्क्यांकडे नीट पाहा. वेगाचा हा चढउतार स्वारावर, केडन्सवर आणि रस्त्याच्या चढावर अवलंबून असतो, म्हणून सरसकट सहा टक्के हा अंदाजच आहे. आणि त्या अंदाजाला त्या आठवड्यात बाहेरच्या कुणी पडताळलं नव्हतं. पुढे ऑगस्टमध्ये लंडनच्या ब्रेंटफर्डमधल्या जीएसकेच्या प्रयोगशाळेत फ्रूमची चाचणी झाली. २० ते ४० मिनिटं टिकणारी शक्ती ४१९ वॉट आणि वजन ६९.९ किलो, असे निकाल डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाले. जगातल्या सर्वात श्रीमंत सायकल संघांपैकी एकाला आपल्या खेळाडूच्या अब्रूचा प्रश्न आला तेव्हा "सातत्य पुरे" म्हणता आलं नाही. त्याला आकडा दुरुस्त करावा लागला, आणि मग त्या खेळाडूला प्रयोगशाळेचा दरवाजा ठोठावावा लागला. ज्या सल्ल्यावर टीम स्कायला उभं राहता आलं नाही, तो आपण शनिवारी-रविवारी सायकल चालवणाऱ्याला बिनदिक्कत देतो.

"पण कंपनी एक टक्का अचूकता लिहून देते," असं यावर उत्तर येतं. लिहून देते हे खरं. कुठल्या तापमानात, कुठल्या केडन्सला, नवीन असताना की दोन हिवाळ्यांनंतर, हे त्या ओळीत नसतं. थोमास मायर आणि सहकाऱ्यांनी नऊ कंपन्यांचे ५४ मीटर ट्रेडमिलवर गणिती प्रतिमानाशी ताडून पाहिले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी चूक अवघी उणे ०.९ टक्के होती. पण मीटरामीटरांतला विखुरलेपणा ३.२ टक्क्यांचा होता आणि सहा मीटर पाच टक्क्यांहून जास्त चुकत होते. सरासरी चांगली म्हणून आपल्या हातातला मीटर चांगला ठरत नाही. शिवाय ब्रिटनमध्ये दुकानातला तराजू आणि पेट्रोल पंप १९८५च्या वजन-मापे कायद्याखाली येतात आणि स्थानिक अधिकारी ते तपासू शकतात. कारण तिथे मापावर व्यवहार होतो. पॉवर मीटरवर असा कुठलाच शिक्का नाही. काही शे पौंड मोजून घेतलेल्या मापाची तपासणी मालकानं स्वतः केली नाही तर कुणीच करत नाही.

आणि ती करणं अवघड नाही. "हे सामान्य स्वाराच्या आवाक्याबाहेरचं" हा या सल्ल्याचा दुसरा आधार आहे, तोही मला मान्य नाही. लागतं काय? एक वजन, ते क्रँकवरून टांगायला मजबूत पट्टा, आणि टॉर्क दाखवणारा सायकल कॉम्प्युटर किंवा कंपनीचं ॲप. व्यायामशाळेतल्या वजनांवर लिहिलेला आकडा थेट खरा मानू नये, चांगल्या काट्यावर मोजून घ्यावं. मागचं चाक ब्रेकनं पक्कं धरावं, शून्य करावा, क्रँक आडवा करावा आणि पेडलच्या दांड्यावर वजन टांगावं. २० किलो, ९.८१ हे गुरुत्व, ०.१७२५ मीटर क्रँक: गुणाकार ३३.८ न्यूटन-मीटर. क्रँक पाच अंशांनी तिरका राहिला तरी फरक अर्ध्या टक्क्याहून कमी पडतो, त्यामुळे हात अगदी सराईत नसला तरी भागतं. मीटरनं ३२.५ दाखवले तर तो चार टक्के कमी मोजतोय. मग १० किलो टांगावं, उत्तर १६.९ यायला हवं. दोन वजनं घेण्याचं कारण महत्त्वाचं आहे. १० किलोला १७.९ आणि २० किलोला ३४.८ आले, तर दोन्हींतला फरक १६.९ आहे, म्हणजे प्रमाण ठीक आहे आणि शून्य एका न्यूटन-मीटरनं सरकलाय. फरकच कमी-जास्त आला तर प्रमाण बिघडलंय. एवढ्यानं चुकीची जात कळते. एसआरएमसारख्या मीटरांत हे प्रमाण मालकाला स्वतः दुरुस्त करता येतं. एकाच पायाचे काही मीटर टॉर्क दुप्पट करून दाखवतात, ते आधी पाहून घ्यावं. सगळ्याच मीटरांत स्थिर टॉर्क पाहायची सोय नसते. ती देणं कंपन्यांना जड नाही, आणि ग्राहकांनी ती मागायला हवी.

सोय नसेल तर चढ आहेत, आणि ब्रिटनला चढांची काय वाण? ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावरून पायथ्याची आणि माथ्याची उंची घ्यावी. बॅरोमीटरची घेऊ नये, ती हवेबरोबर हलते. वारा नसलेल्या दिवशी एकाच लयीत चढावं. स्वार, सायकल, कपडे, पाण्याच्या बाटल्या मिळून ८० किलो आणि चढ १०० मीटरचा असेल, तर केवळ गुरुत्वाविरुद्धचं काम ७८,४८० जूल. सहा मिनिटांत चढलात तर २१८ वॉट फक्त त्याला लागले. टायरचं घर्षण, हवा आणि साखळीतली घट यांचे वॉट त्यावर आणखी. म्हणजे मीटरनं सरासरी २१८ किंवा त्याहून कमी दाखवली, तर तो कमी मोजतोय यात शंका उरत नाही. इथे प्रयोगशाळा लागत नाही, कंपनीच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

स्मार्ट ट्रेनरशी तुलना करणाऱ्यांनी एक क्रम ध्यानात ठेवावा. शक्ती पेडलपासून साखळीमार्गे मागे जाते आणि वाटेत थोडी झिजते, म्हणून ट्रेनरचा आकडा पेडलपेक्षा किंचित कमी असायला हवा. तो जास्त येत असेल तर दोघांपैकी एक नक्की चुकतोय. मात्र चुकतोय तो मीटरच, असं गृहीत धरू नये. ट्रेनर हाही फक्त दुसरा मीटर आहे, प्रमाण नव्हे.

आकड्यांत अचानक उसळ्या येत असतील, मधेच शून्य पडत असेल, तर गणितापर्यंत जायची गरज नाही. थंडीत बटण-बॅटरीचा दाब उतरतो. पावसाचं पाणी झाकणातून आत शिरतं. हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेलं चेशरच्या विन्सफर्ड खाणीसारख्या ठिकाणचं खडेमीठ संपर्कपट्ट्या खातं. उन्हाळ्यात डांबरावर खडी टाकून केलेल्या खडबडीत रस्त्यावर क्रँकमधला त्वरणमापक गोंधळतो आणि केडन्स भलतीच दाखवतो. पडद्यावरचा केडन्स स्वतःच्या पायांनी मोजून पाहावा. नवे पेडल टॉर्क रेंचनं कसावेत, काही जोरदार धावा कराव्यात, मग शून्य करावा. डाव्या क्रँकचं बॅटरीचं झाकण चौकटीला घासत नाही ना, तेही बघावं.

या देशातल्या टाइम ट्रायलच्या परंपरेकडे पाहिलं की "सातत्य पुरे" हा सल्ला इथे रुजला कसा, याचं मला नवल वाटतं. एफ. टी. बिडलेक यांनी ऑक्टोबर १८९५ मध्ये नॉर्थ रोड क्लबतर्फे एकेकट्या स्वाराला घड्याळाविरुद्ध सोडण्याची ही शर्यत भरवली, तेव्हापासून तिचा सगळा मान मापाच्या खरेपणावर उभा आहे. दहा मैलांचा मार्ग मोजून प्रमाणित केलेला असतो, वेळ अधिकृत टाइमकीपर घेतो. एखाद्या क्लबनं "आमचा मार्ग दहा मैलांपेक्षा जरा कमी आहे, पण दरवर्षी तेवढाच कमी असतो," असं सांगितलं तर त्या मार्गावरची एकही वेळ विक्रमात धरली जाणार नाही. त्याच रस्त्यावर, त्याच स्वाराच्या क्रँकवरच्या मापाला मात्र आपण ही सवलत देतो.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मीटर इतका चुकत असेल तर काढून टाका, शरीराला विचारून चालवा, असं ते म्हणतात. शरीराला विचारावंच. पण शरीर उत्साहात आणि थकव्यात निरनिराळी उत्तरं देतं, म्हणून तर माप हवं असतं. ते मोडकं ठेवणं आणि फेकून देणं यांच्या मधे दुरुस्तीचा रस्ता आहे, आणि तो अर्ध्या तासाचा आहे.

अचूकतेवाचून अडतं कुठे, असं विचारणाऱ्यांसाठी काही ठोस उत्तरं आहेत. दोन सायकलींवर दोन मीटर असणाऱ्याला दोन्ही खरे हवेत, नाहीतर टाइम ट्रायलच्या सायकलवर बसण्याची ढब बदलून झालेला तोटा कुठला आणि मीटरांमधला फरक कुठला, हे त्याला कधीच कळणार नाही. हवेचा अडथळा मोजू पाहणाऱ्याला प्रत्येक टक्का खरा लागतो. शक्तीची चूक थेट त्याच्या हेल्मेटच्या किंवा हँडलबारच्या खात्यात जमा होते. लांब पल्ल्याचा स्वार मीटरचे किलोजूल बघून खाणं ठरवतो, कारण शरीराची कार्यक्षमता अशी आहे की पेडलवरचे किलोजूल जवळपास तेवढ्याच किलोकॅलरी खर्चून येतात. १८० वॉटनं पाच तासांत ३,२४० किलोजूल होतात. मीटर आठ टक्के कमी दाखवत असेल तर अडीचशेहून जास्त कॅलरीचं खाणं रोज कमी पडतं, आणि चार-पाच दिवसांच्या राइडमध्ये ही तूट पाय ओढत आणते. घरात बसून ट्रेनरवरच्या आभासी शर्यती खेळणाऱ्यांचे गट तर अनेकदा दर किलोला वॉट या आकड्यावरून ठरतात. तिथे चार टक्के जास्त दाखवणारा मीटर शेजारच्या प्रामाणिक माणसाचं बक्षीस नेतो. मोठ्या आभासी शर्यतींत दोन स्वतंत्र साधनांवर नोंद मागतात ती याच कारणानं.

पण मला सर्वात जास्त टोचतं ते वेगळं आहे. मीटर खाली घसरला की माणूस स्वतःला दोष देतो. महिनाभर आकडे उतरताना पाहून मेहनती स्वार सराव वाढवतो, झोप कमी करतो, खाण्यावर संशय घेतो, शेवटी शर्यतीतून नाव काढून घेतो. विशीतल्या मुलामुलींना तर त्या आकड्यावरून संघात घेतलं किंवा वगळलं जातं. कुणीतरी आधी वजन टांगून पाहिलं असतं तर ते दुःख अर्ध्या तासात मिटलं असतं. "सातत्य पुरे" म्हणणारा नेमकी तीच तपासणी अनावश्यक ठरवतो, आणि म्हणून त्याचा सल्ला निरुपद्रवी नाही.

प्रत्येक क्लबनं आपल्या खोलीत काट्यावर मोजून घेतलेली १० आणि २० किलोची वजनं ठेवावीत, आणि मोसमाच्या सुरुवातीला एका संध्याकाळी सगळ्यांच्या सायकली ओळीनं तपासाव्यात. प्रत्येक स्वारानं त्या दिवशीचा शून्याचा आकडा, दोन्ही वजनांचे टॉर्क आणि क्रँकची भरलेली लांबी आपल्या वहीत लिहून ठेवावी. आणि जो प्रशिक्षक एखाद्याला "तुझी ताकद उतरली" असं सांगणार असेल, त्यानं आधी ती वही मागावी. नोंद जुनी असेल तर त्याच्यासमोर वजन टांगून ती नवी करून घ्यावी, आणि त्यानंतरच त्याच्या सरावाच्या वेळापत्रकाला हात लावावा.